सर्दी ‘हवेमुळे’ होते म्हणजे नेमके कशामुळे?

उत्तर ध्रुवाच्या जवळ स्पिट्सबर्गेन नावाचे बेट आहे. तिथल्या लाँगयिअरब्येन या खाणकामगारांच्या वस्तीत १९३०-३१ साली संशोधकांनी सर्दीपडशाच्या रुग्णांची बारकाईने नोंद ठेवली. हिवाळ्यात समुद्र गोठला की त्या वस्तीशी जहाजांची ये-जा कित्येक महिने बंद पडत असे. हाडे गोठवणारी थंडी आणि दिवसा न संपणारी रात्र पाहता सर्दीला याहून पोषक जागा नसेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ऐन हिवाळ्यात तिथली सर्दी ओसरत ओसरत जवळपास नाहीशी झाली. पुढे बर्फ वितळले, पहिले जहाज धक्क्याला लागले आणि थोड्याच दिवसांत वस्तीभर सर्दीची साथ पसरली.

‘हवा बदलली ना, म्हणून घसा धरला’ हे वाक्य कानावर पडले की मला दर वेळी हे बेट आठवते. ते वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. विषाणूच नसेल तर कितीही थंडी पडली तरी सर्दी होत नाही. मात्र विषाणू आसपास असेल, तर त्याला एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणे सोपे करायचे की अवघड, हे ठरवण्यात हवामानाचा वाटा मोठा असतो. हा दुसरा भाग आपण नीट समजून घेत नाही, आणि त्यामुळे जे आपल्या हातात आहे तेही करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवामानाचा हा वाटा प्रयोगाने दाखवून दिला तो न्यूयॉर्कमधील पीटर पालेसे, अ‍ॅनिस लोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००७ साली. १९१८ च्या महासाथीत न्यू मेक्सिकोतील एका लष्करी छावणीत प्रयोगशाळेतले गिनीपिगही मरू लागले होते, अशी नोंद १९१९ च्या एका वैद्यकीय लेखात त्यांना सापडली होती. त्यावरून त्यांनी गिनीपिगच निवडले. फ्लू झालेला प्राणी एका पिंजऱ्यात, निरोगी प्राणी शेजारच्या पिंजऱ्यात, मध्ये फक्त हवा. आणि त्या हवेचे तापमान व आर्द्रता संशोधकांच्या ताब्यात. ५ अंश सेल्सिअसला फ्लू सहज पसरला. २० अंशांना तो कोरड्या हवेत चांगला पसरला आणि दमट हवेत रोडावला. ३० अंशांना हवेतून होणारा प्रसार थांबलाच.

कोरडेपणाचा हा मुद्दा जरा सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण इथेच अनेकांची गफलत होते. हिवाळ्यात बाहेरची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाची टक्केवारी, पुष्कळदा ऐंशी-नव्वद टक्के असते. मग हवा कोरडी कशी? उत्तर असे की थंड हवेत बाष्प मावतेच कमी. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास बाष्प राहू शकते, तर २० अंशांच्या हवेत सतरा ग्रॅमहून थोडे अधिक. बाहेरची बाष्पाने पूर्ण भरलेली थंड हवा घरात आली आणि हीटरने २० अंशांपर्यंत तापवली, की तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता शंभरावरून तीस टक्क्यांच्याही खाली येते. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, नाक आतून सुकते ते यामुळेच. २००९ साली जेफ्री शामन आणि मेल्विन कोन यांनी आधीच्या प्रयोगांची आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा फ्लूच्या विषाणूचे टिकणे आणि पसरणे यांचा मेळ सापेक्ष आर्द्रतेपेक्षा हवेतल्या बाष्पाच्या प्रत्यक्ष प्रमाणाशी अधिक चांगला बसतो, असे त्यांना दिसले.

अशा कोरड्या हवेत खोकल्यातून, बोलण्यातून किंवा नुसत्या श्वासातून बाहेर पडलेला थेंब झपाट्याने सुकतो, हलका होतो आणि खाली बसण्याऐवजी तरंगत राहतो. त्याच वेळी आपल्या शरीराची पहिली तटबंदी ढासळत असते. नाकापासून श्वासनलिकेपर्यंत चिकट द्रवाचा एक थर असतो आणि त्याखालचे सूक्ष्म रोमतंतू तो थर, त्यात अडकलेल्या धुळीसह व जंतूंसह, सतत घशाकडे ढकलत असतात. कोरड्या हवेत तो थर घट्ट होतो आणि तंतूंची हालचाल मंदावते. येल विद्यापीठातील अकिको इवासाकी यांच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात, कोरड्या हवेत ठेवलेल्या उंदरांना फ्लू अधिक गंभीर झाला. त्याच विद्यापीठातून २०१५ मध्ये असेही दिसले होते की नाकातल्या ३३ अंशांच्या आसपासच्या तापमानात पेशींचा विषाणूविरोधी प्रतिसाद ३७ अंशांच्या तुलनेत दुबळा असतो आणि ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे साध्या सर्दीचा सर्वांत नेहमीचा विषाणू, तिथे जोमाने वाढतो. थंड हवा नाकात घेणे म्हणजे हे तापमान आणखी खाली आणणे. तेव्हा गार वाऱ्यात नाक झाकून घे, असे सांगणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मी तरी अडाणी म्हणणार नाही.

तरीही सगळे खापर कोरड्या थंडीवर फोडता येत नाही. उष्ण कटिबंधातल्या अनेक प्रदेशांत फ्लू ऐन पावसाळ्यात, ओल्याकंच हवेत जोर धरतो. ऱ्हायनोव्हायरसला तर फ्लूसारखे स्निग्ध आवरणच नसते आणि दमट हवेत तो उलट अधिक टिकतो. समशीतोष्ण देशांत त्याची लाट शाळा सुरू झाल्यावर, शरद ऋतूच्या तोंडाशी येते. पाऊस असो वा थंडी, दोन्हींत समान असलेली गोष्ट म्हणजे माणसे घरात जातात, खिडक्या लावून घेतात आणि एकमेकांची हवा श्वासात घेतात. बाहेरच्या उन्हातली अतिनील किरणे आणि वारा ज्या विषाणूला फार काळ टिकू देत नाहीत, त्याला कोंदट खोलीत पुरेसा वेळ आणि पुरेशी माणसे मिळतात.

आणि ऋतूपेक्षाही मोठी ठरणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आपली प्रतिकारशक्ती. २०२० मध्ये टाळेबंदी, मुखपट्ट्या आणि प्रवासबंदीमुळे फ्लू जगभर जवळपास दिसेनासा झाला, हिवाळा आला तरी. लहान मुलांना त्रास देणारा आरएसव्ही हा विषाणू एरवी समशीतोष्ण देशांत हिवाळ्याचा पाहुणा. निर्बंध सैल झाल्यावर २०२१ मध्ये अमेरिकेत तो भर उन्हाळ्यात उसळला, कारण त्याला न भेटलेली मुले मोठ्या संख्येने साठली होती. नव्या महासाथीतही असेच होते: बहुतेक कोणाकडेच प्रतिकारशक्ती नसते, तेव्हा विषाणू ऋतूची वाट पाहत नाही. कोविडच्या सुरुवातीला ‘उन्हाळा आला की हे संपेल’ असे म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात आले नव्हते.

म्हणूनच ‘हवेचा परिणाम आहे, चालायचेच’ या उत्तराने मी अस्वस्थ होतो. कारण ते उत्तर साथीला पावसासारखे अटळ ठरवते. पाऊस थांबवता येत नाही हे खरे, पण खोलीतली हवा ऋतूच्या स्वाधीन करायची की नाही, हे आपण ठरवतो. फ्लूची लस कोणत्या महिन्यात घ्यायची हेही आपल्या प्रदेशातल्या साथीच्या वेळेवरून ठरायला हवे. जागतिक आरोग्य संघटना लसीतील घटकांची शिफारस वर्षातून दोनदा, उत्तर व दक्षिण गोलार्धांसाठी वेगवेगळी, करते ती उगाच नव्हे. विषुववृत्ताजवळच्या देशांना तर या दोन वेळापत्रकांतून स्वतःला जुळेल ते निवडावे लागते.

गेल्या वर्षी मी कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक लहान यंत्र घेतले. पावसाची झड लागली होती म्हणून खिडक्या बंद केलेल्या एका खोलीत आम्ही आठ जण बैठकीला बसलो होतो. सुरुवातीला ते यंत्र साधारण ५०० दाखवत होते, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ५०० भाग. तासाभराने आकडा १,८०० वर गेला. कोणालाही काही जाणवले नव्हते, फक्त दोघे जांभया देत होते. मोकळ्या हवेतले प्रमाण सव्वाचारशेच्या आसपास असते आणि उच्छ्वासातले चाळीस हजारांच्या घरात. त्या हिशेबाने आम्ही घेत असलेल्या दर तीस श्वासांतला एक श्वास आधीच कोणाच्या तरी फुप्फुसांतून जाऊन आलेला होता, आणि आमच्यातला एक जण सकाळपासून खोकत होता. मी समोरासमोरच्या दोन खिडक्या वीतभर उघडल्या. पावसाचे थोडे तुषार आत आले, टेबलाची एक कड ओली झाली, आणि दहा मिनिटांनी यंत्रावर ७०० दिसत होते.