हद्दीबाहेरची आग

आज सकाळपासून आमच्या भागातल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. वस्तीवरचा गोठा जळून खाक झाला आहे, अग्निशमनचा बंब उशिरा पोहोचला आहे आणि जमाव बंबाच्या चालकाला केबिनमधून खाली ओढतो आहे. ज्याची जनावरे डोळ्यांदेखत गेली, त्याचा संताप मी समजू शकतो. पण घरात बसून ‘असल्यांना असेच पाहिजे’ असे लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग आला आहे. पाच हजार लिटर पाणी घेऊन खडबडीत रस्त्याने चाळीस किलोमीटर यायला जो वेळ लागतो, तो त्या चालकाच्या हातात नसतो. बंब कुठे उभा राहणार हे ज्यांनी ठरवले, किंवा खरे तर कधी ठरवलेच नाही, त्यांना कोणीही काही विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी, ऐन चैत्रात, भर दुपारी आमच्या मधल्या काकांच्या वस्तीवर कडब्याची गंज पेटली. वरून गेलेल्या लोंबत्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि बघता बघता आग गोठ्याच्या छपराला लागली. काकूने विळ्याने दावी कापली म्हणून गाई वाचल्या. गव्हाणीच्या आतल्या अंगाला बांधलेली कालवड राहिली. काकांनी 101 लावला, तो दुसऱ्याच शहरात लागला. तिथल्या माणसाने तुमचे गाव आमच्याकडे येत नाही असे सांगून आणखी एक नंबर दिला, आणि त्या नंबरावर पहिला प्रश्न आला तो असा की गाव पालिकेच्या हद्दीत आहे का. आग केवढी आहे, आत माणूस अडकला आहे का, हे त्यानंतर विचारले गेले.

तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. मात्र फोनवरच्या त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, कारण हा प्रश्न आपल्या व्यवस्थेनेच त्याच्या तोंडी घातला आहे. 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी जी बारावी अनुसूची आली, तिच्या 18 विषयांत अग्निशमन सेवा आहे. त्याच वेळच्या 73व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आणली. तिच्या 29 विषयांत बाजार आणि जत्रा आहेत, ग्रंथालये आहेत, इंधन आणि चाराही आहे, पण अग्निशमन नाही. म्हणजे काकांचा कडबा पंचायतीच्या यादीत बसतो आणि तो पेटल्यावर विझवण्याचे काम बसत नाही. महाराष्ट्रात बंब आहेत ते मुख्यतः महापालिकांचे, नगरपरिषदांचे, एमआयडीसीचे आणि काही साखर कारखान्यांचे, आणि यांतले कोणीही खेड्याला बांधील म्हणून येत नाही, विनंतीला मान देऊन येते. पालिकेचा बंब शहरवासीयांच्या करातून चालतो आणि तो गावाकडे गेला असताना शहरात आग लागली तर मुख्याधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच खेड्यांची जबाबदारी पालिकेवर ढकलून राज्याने मोकळे होता कामा नये.

देशात स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचे निकष आहेत. त्यांनुसार ग्रामीण भागात वर्दी, म्हणजे आगीची खबर, मिळाल्यापासून वीस मिनिटांत मदत पोहोचायला हवी. आपल्याकडच्या रस्त्यांवर भरलेला बंब वीस मिनिटांत फार तर आठ-दहा किलोमीटर जातो. आता सांगली जिल्ह्यातल्या जतसारखा तालुका डोळ्यांसमोर आणा. त्याचे क्षेत्रफळ सव्वादोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून जास्त. गोव्यात अग्निशमन हे सरकारचे स्वतंत्र संचालनालय आहे आणि पेडणे, डिचोली, वाळपई, काणकोण अशा ठिकाणी त्याची केंद्रे आहेत. कर्नाटकातही हे राज्य सरकारचे खाते आहे, गृह विभागाखाली चालणारे. 2022 मध्ये जतच्या सीमेवरील गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला होता! त्या गावांत रात्री घर पेटले तर बंब कुठून येईल, हा प्रश्न त्या गदारोळात मी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. अस्मितेवर बोलणारे सगळे होते.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. प्रत्येक दहा किलोमीटरवर इमारत, मोठा बंब आणि तीन पाळ्यांचे कर्मचारी हे कोणत्याही जिल्ह्याला झेपणार नाही, आणि वर्षातून दोनदा लागणाऱ्या आगीसाठी एवढे उभे करा असे मीही म्हणणार नाही. पण बाजाराच्या गावात एक लहान गाडी, जवळच राहणारे आणि रीतसर प्रशिक्षण घेतलेले, वर्दीमागे मानधन मिळणारे दहा-बारा तरुण, आणि मोठा बंब तालुक्याला, एवढे तर करता येईल? पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीतून राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी केंद्राने 2023 मध्ये 5,000 कोटींची योजना आणली. पैसा अजिबात नाही असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. मात्र गाड्या घेऊन त्या पुन्हा शहरांतच उभ्या करायच्या असतील, तर काकांच्या वस्तीच्या दृष्टीने काहीही बदलणार नाही. अग्निशमन केंद्राची जागा नकाशावर रस्त्याच्या मिनिटांवरून ठरली पाहिजे, तालुक्याचे ठिकाण कोणते यावरून नव्हे.

शिवाय गाडी आली म्हणजे आग विझली असेही नसते. पाण्याचा विचार कोणी करत नाही. काकांच्या विहिरीला त्या दिवशी पाणी होते, पण आग तारांमुळे लागलेली, म्हणून सगळ्यांनी आधी सबस्टेशनला फोन करून लाइन बंद करायला लावली, आणि लाइन बंद झाल्याबरोबर विहिरीवरची मोटरही बंद झाली. ते पाणी डोळ्यांसमोर असून उपयोगाचे राहिले नाही. राहते घर वाचले ते शेजारच्या डाळिंबाच्या बागेतल्या ब्लोअरमुळे. फवारणीची सहाशे लिटरची टाकी ट्रॅक्टरला जोडून त्या मुलाने घराची भिंत आणि पत्रे सतत भिजत ठेवले. बंबाच्या टाकीतले पाणीही जोरात मारले तर काही मिनिटांत संपते, आणि पुन्हा भरायचे कुठे हे बाहेरून आलेल्या चालकाला ठाऊक नसते. कोणत्या शेततळ्यापर्यंत बंब जाऊ शकतो, कोणत्या विहिरीवर डिझेल इंजिन आहे, कोणत्या पुलावरून भरलेली गाडी जाणार नाही, ही यादी गावाने करून केंद्रावर दिली तर तिला फारसा खर्च येत नाही. तरीही ती होत नाही, कारण मागणारेच कोणी नाही.

आणि बंबावरच्या त्या माणसांबद्दल. काकांकडे बंब आला तेव्हा गोठा संपला होता, आणि आमच्यातलेही दोघे-तिघे त्यांच्या अंगावर धावून गेले होते. त्यांचा तांडेल, म्हणजे पथकाचा म्होरक्या, काहीच बोलला नाही. कडब्याची गंज वरून विझली तरी आत धुमसत राहते, हे त्याला ठाऊक होते. त्याने जेसीबी मागवून ती गंज उलगडायला लावली आणि एकेक थर भिजवत रात्री उशिरापर्यंत ते चौघे तिथेच थांबले. त्यांच्यातला सर्वांत तरुण मुलगा कंत्राटी होता आणि त्याच्या पायात साधे बूट होते. काकूने, जिची कालवड त्या दिवशी गेली होती, त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीसाठी डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. तेही त्याच्या हद्दीबाहेरचेच गाव होते. अशा माणसांना केबिनमधून खाली ओढायचे?

108 ची रुग्णवाहिका 2014 पासून महाराष्ट्रात धावते. तिच्यात त्रुटी पुष्कळ आहेत, तरी ती गाव कोणाच्या हद्दीत आहे हे विचारत नाही. आगीसाठीही राज्यस्तरावर एकच सेवा हवी आणि जिल्हावार आराखडा हवा. तो जिल्हा नियोजन समितीत मांडला जावा आणि त्यात प्रत्येक वाडीपर्यंत किती मिनिटांत मदत पोहोचेल हे लिहिलेले असावे. माझ्या मित्रयादीत सरपंच आहेत, ग्रामपंचायत सदस्य आहेत, दोन जिल्हा परिषद सदस्यही आहेत. 1 मेच्या ग्रामसभेत एवढा एकच ठराव घ्या: आमच्या गावाला सर्वांत जवळचा बंब कोणता, तो किती वेळात येतो आणि तो येण्यास कोण बांधील आहे, याचे लेखी उत्तर जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावे. ठरावाचा मसुदा मी आज रात्री लिहून ठेवतो. ज्यांना हवा आहे त्यांनी मागून घ्यावा.