चाळीस टक्के पाऊस आणि एकच ट्रायपॉड

ऑफ-सीझनला फोटोग्राफीसाठी जायचं, यावर दोघांचं एकमत व्हायला तीन मिनिटं लागतात. पुढचे तीन आठवडे त्या एकमताचे तुकडे वेचण्यात जातात. ‘ऑफ-सीझन’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर धुकं, ओला खडक आणि चौकटीत एकही माणूस नसलेला धबधबा येतो. सोबत्याच्या डोळ्यांसमोर निम्म्या भाड्यातली मोठी खोली येते. दोन्ही चित्रं खरी आहेत. घोळ एवढाच की धुक्याची वेळ आणि पांघरुणाची वेळ एकच असते.

आधी तारखा. हंगाम का संपला हे विचारल्याशिवाय तारीख ठरवू नये. शाळेच्या सुट्ट्या संपल्या म्हणून गर्दी ओसरली असेल तर सोनं आहे. जागा तीच, हवा तीच, फक्त माणसं गेलेली. पाऊस, थंडी किंवा ऊन हे कारण असेल तर हंगामाची कड पकडावी, म्हणजे संपतानाचे शेवटचे दहा-पंधरा दिवस. रस्ताच बंद होत असेल किंवा बोटच थांबत असेल, तर कितीही कलात्मक वाटलं तरी तो विषय सोडावा. बंद फाटकाचा फोटो एकदाच काढता येतो.

मग हवामानाचा अंदाज, आणि पहिलं भांडण. ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ असं दिसलं की सोबती म्हणतो, “म्हणजे दिवसातले चाळीस टक्के तास पाऊस.” नाही रे बाबा. त्या काळात त्या ठिकाणी मोजण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता शंभरात चाळीस, एवढाच त्याचा अर्थ. तो दहा मिनिटं पडेल की दिवसभर, रिमझिम की मुसळधार, हे त्या आकड्यात नसतंच. शिवाय दहा दिवसांपुढचा अंदाज आणि नाणेफेक यांत फारसा फरक नाही, त्यामुळे महिनाभर आधी रोज सकाळी अंदाज पाहून मला निरोप पाठवणाऱ्याने तो वेळ लेन्स पुसण्यात घालवावा. खोली उशिरापर्यंत रद्द करता येईल अशी घ्यावी, आणि चार दिवसांच्या सहलीत एक दिवस मोकळा ठेवावा. ‘मोकळा’ म्हणजे सोबत्याने आणखी दोन ठिकाणं घुसवण्यासाठी नव्हे.

पाऊस येईल का, यापेक्षा ढग कुठल्या थरात आहेत हे बघणं फायद्याचं. बऱ्याच ॲपमध्ये खालचे, मधले आणि वरचे ढग वेगळे दाखवतात. वरचे-मधले ढग भरपूर आणि सूर्याच्या बाजूला क्षितिजाशी फट, असं असेल तर आकाश पेटतं. खालच्या ढगांचं जाड पांघरूण असेल तर सूर्यास्त विसरावा आणि जंगलात किंवा धबधब्यावर जावं. ढगाळ उजेडात सावल्या मऊ पडतात, हिरवा रंग खुलतो. फक्त पांढरंफटक आकाश चौकटीत घ्यायचं नाही. हे पटवून दिलं की ढगाळ दिवसाबद्दलची निम्मी कुरकुर थांबते. उरलेली निम्मी ओल्या मोज्यांबद्दल असते, तिच्यावर उपाय म्हणजे मोज्यांचे आणखी दोन जोड.

राहण्याच्या जागेला फोन करताना “चालू आहे ना?” असं विचारू नये. “हो” हेच उत्तर येतं. नेमकी तारीख सांगून विचारावं. पहाटे ५ ला बाहेरचं दार कोण उघडणार? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. हंगाम संपल्यावर तिथे एकच माणूस उरलेला असतो आणि तो किल्ल्या उशाशी घेऊन झोपतो. गरम पाणी आहे का, की बॉयलर हंगामापुरताच असतो? खोलीत प्लग किती? दोन माणसं, दोन चार्जर, दोन फोन आणि एक प्लग, यातून मैत्री तगत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड न्यावाच. आणि निघायच्या दोन दिवस आधी हेच सगळं पुन्हा विचारावं. इंटरनेटवरच्या कॅलेंडरला मालक कुलूप लावून गावाला गेलाय हे ठाऊक नसतं.

आता खरी लढाई, म्हणजे गजर. सूर्य क्षितिजाखाली साधारण ६ ते ४ अंशांवर असतो तेव्हा आकाशाला तो गडद निळा रंग येतो. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ उभा चढतो, त्यामुळे हा खेळ मिनिटांत आटोपतो. उत्तरेला किंवा दक्षिणेला दूर गेलं की तो रेंगाळतो. म्हणून हिशेब उलटा मांडायचा. सूर्योदय ६:४० ला, तर जागेवर ५:५० ला. चालायची वाट २५ मिनिटांची, पण अंधार आणि ओल धरून ३५, म्हणजे ५:१५. गाडीने २० मिनिटं, ४:५५. आवराआवरीला २५. गजर ४:३० चा. हे सगळं मी कागदावर मांडून दाखवतो. सोबती कागद नीट वाचतो आणि म्हणतो, “४:३० ही पहाट नाही, ती रात्र आहे.”

त्याचंही अगदीच चूक नाही. तो पक्ष्यांच्या मागे असतो. उडत्या पक्ष्यासाठी त्याला सेकंदाचा १/१६०० भाग किंवा त्याहून वेगवान शटर लागतं, आणि f/६.३ च्या, म्हणजे कमी उजेड आत घेणाऱ्या लेन्सने तेवढा वेग मिळायला उजेड वर यावा लागतो. माझं काम संपतं तिथे त्याचं सुरू होतं. कागदावर ही जोडी आदर्श आहे. गाडी एकच असल्यामुळे घोडं अडतं. तडजोड अशी: अंधारात दोघांनी जायचं, माझं होईपर्यंत त्याने गाडीत झोपायचं, आणि नंतर तो एका झुडपासमोर दीड तास बसला तर मी घड्याळाकडे बघायचं नाही. दुसरी कलमं मोडतात, पण हे शेवटचं फार काटेकोरपणे पाळलं जातं.

“पण धुकं असेलच कशावरून?” हा प्रश्न रात्री साडेनऊला येतो, तेव्हा उत्तर तयार हवं. पहाटेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा) यांत दोनेक अंशांचाच फरक, रात्रभर आकाश निरभ्र, जमीन ओली आणि वारा जवळजवळ पडलेला, असं असेल तर उठावं. वारा ताशी १०-१२ किलोमीटरच्या वर दाखवत असेल तर दरीतल्या धुक्याची आशा सोडून गजर बंद करावा. सोबती हल्ली वाऱ्याचा आकडा माझ्याआधी बघतो. धुकं मिळालंच तर एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वर न्यायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), नाहीतर कॅमेरा धुक्याला राखाडी करून टाकतो; बर्फात एक ते दोन स्टॉप.

सामानाची वाटणी करताना माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडायची खाच, बघावा. दोघांचा एकच असेल तर एकाने रुंद लेन्स घ्यावी आणि दुसऱ्याने ७०-२०० मिमीची लांबची. तिचं f/२.८ चं मॉडेल एक ते दीड किलोच्या घरात जातं, आणि सूर्योदयाला ती दोघांनाही एकाच वेळी हवी असते, हे गृहीत धरावं. माउंट वेगवेगळे असतील तर उसनवारीचा प्रश्न मिटला. ‘दोघांत एक ट्रायपॉड पुरे’ हे वाक्य मात्र घरी बसून उंटावरून शेळ्या हाकणाराच बोलतो. धबधब्यासाठी शटर पाव ते एक सेकंद उघडं लागतं, तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही. उजेड जास्त असेल तर ६ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोरची काळसर काच, ६४ पट प्रकाश कापतो, म्हणजे १/६० चा एक सेकंद होतो. १० स्टॉपच्या फिल्टरने तोच सोळा-सतरा सेकंदांवर जातो. तेवढा वेळ दुसऱ्याने शेजारी हात चोळत उभं राहायचं, आणि शेवटी म्हणायचं, “झालं का?” तरीही एकच नेणार असाल तर दोघांच्या कॅमेऱ्यांना एकाच पद्धतीच्या क्विक रिलीज प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला लावायची, ट्रायपॉडवर चटकन बसणारी पट्टी) असाव्यात, आणि त्या घट्ट करायची ॲलन की सोबत असावी.

पावसासाठी महागडं कव्हर नसलं तरी चालतं. जाड पॉलिथिनची पिशवी, लेन्ससाठी एक भोक, हूडवर रबरबँड. लेन्सवर हूड हवाच, थेंब अडवण्यासाठी. मायक्रोफायबरची फडकी चार: तिसरं ओलं होतं आणि चौथं सोबत्याच्या चष्म्याला जातं. ‘वेदर सील्ड’ म्हणजे पाण्यात बुडवायचं नाही, हेही कुणाला तरी सांगावं लागतं.

पावसापेक्षा दगा देतो तो परतीचा क्षण. थंडीतून उबदार खोलीत आलं की थंड लेन्सवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते, बाहेरही आणि नशीब वाईट असेल तर आतही. बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा आणि खोलीत तासभर तरी तसाच ठेवावा. कार्ड आणि बॅटरी पिशवीत घालण्याआधी काढून घ्याव्यात, कारण “जरा फोटो तर बघू” म्हणून ती पिशवी पाचव्या मिनिटाला उघडली जाते. उघडणारा बहुतेक वेळा मीच असतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. जादाची अंगाजवळच्या खिशात ठेवली की सावरते. विमानाने जायचं असेल तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच न्याव्या लागतात. विनापरवानगी मर्यादा साधारण १०० वॉट-अवरची आहे. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४, चालतं. हा गुणाकार घरी करावा, सुरक्षा तपासणीच्या रांगेत नव्हे.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी सगळे विसरतात: निघण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवावीत. नाहीतर सगळे फोटो वेळेनुसार एकत्र लावले की सोबत्याचा सूर्योदय माझ्या सूर्यास्तानंतर येतो. फाइलच्या नावांना आधीच आपापली आद्याक्षरं जोडावीत. दोघांकडे ००४५ क्रमांकाचा फोटो असतोच आणि कॉपी करताना एक दुसऱ्याला गिळतो. रोज रात्री दोन प्रती काढाव्यात, माझी प्रत त्याच्या बॅगेत आणि त्याची माझ्या. सेकंदाला दहा फोटो काढणारा पक्षीवेडा सोबत असेल तर डिस्क मोठी घ्यावी. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, पंचवीस-तीस एमबी, म्हणजे बगळ्याने एकदा पंख झटकले की पाव जीबी.

निघायच्या आदल्या रात्री यादी फोनवर मोठ्याने वाचायची. फडकी? आहेत. एक्स्टेन्शन बोर्ड? आहे. घड्याळं? जुळवली. ट्रायपॉड?

“गाडीत ठेवला.”

“आणि प्लेट?”

“प्लेट कॅमेऱ्यालाच लावलेली आहे.”

“कुठल्या कॅमेऱ्याला?”

“जुन्या.” आणि मग बराच वेळ पलीकडून फक्त कपाटं उघडल्याचे आवाज.