मोरोक्को आफ्रिकेतच आहे हो काका

आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या वॉकिंग ग्रुपवर तो लांबलचक मेसेज परत फिरून राहिला, तोच तो, "माणूस आफ्रिकेतून आला ही थिअरी शास्त्रज्ञांनीच टाकून दिली"वाला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मोरोक्कोत ३ लाख वर्षं जुना माणूस सापडला, आपल्या डीएनएत निअँडरथल (माणसाची नामशेष झालेली जुनी प्रजात) निघाला, नर्मदेकाठी ५ लाख वर्षांची कवटी आहे, म्हणून प्रत्येक खंडात माणूस आपापला तयार झाला आणि भारतीय माणूस भारतातच. मोठ्यांनी टाकला म्हणून गप्प होतो, पण खाली हात जोडलेल्यांची रांगच लागली तर म्हटलं लिहूनच टाकू.

मोरोक्कोचं घ्या. २०१७ मध्ये तिथल्या जबेल इरहूद या जागी सापडलेल्या माणसाच्या हाडांचं वय ३ लाखांच्या आसपास निघालं, खरं आहे. पण बाप्पा, मोरोक्को आफ्रिकेतच आहे ना! आधी सगळा भर इथिओपियातल्या २ लाख वर्षांच्या आसपासच्या हाडांवर होता, ते डळमळलं. तारीख मागं गेली, खंड तोच राहिला.

आता निअँडरथल, इथं तर मेसेजवाल्यानं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. २०१० मध्ये स्वांते पाबोंच्या टीमनं निअँडरथलचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा आराखडा, वाचला (२०२२ चं नोबेल त्यांनाच), आणि आफ्रिकेबाहेरच्या लोकांत साधारण २ टक्के निअँडरथल डीएनए निघाला. युरोपात, चीनमध्ये, आपल्याकडे, सगळीकडे जवळपास तेवढाच. निअँडरथलची हाडं सापडतात युरोप, पश्चिम आशिया आणि सायबेरियापर्यंत, भारतात आजवर एकही नाही. मग आपण इथंच वेगळे उगवलो असतो तर आपल्यात तो आला कुठून? सरळ आहे, आफ्रिकेतून निघालेल्या लोकांची वाटेत त्यांच्याशी सोयरीक झाली आणि मग ते जगभर पसरले. २०२० मध्ये तर हेही दिसलं की कोविड गंभीर व्हायचा धोका वाढवणारा एक डीएनएचा तुकडा निअँडरथलकडून आलेला आहे आणि दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडं त्याची निदान एक कॉपी आहे. हां, "आफ्रिकेतून आले आणि कोणातच मिसळले नाहीत" असं जे पूर्वी ठासून सांगायचे ते मात्र चुकलं, तेवढं मेसेजवाल्याला देऊन टाकू. पण उरलेले ९८ टक्के कुठले ते त्यानं लिहिलंच नाही.

आईकडून येणारा डीएनए पाहिला तर अजून स्पष्ट होतं. आफ्रिकेबाहेरचे सगळे जुने वंश एम आणि एन या दोन फांद्यांत बसतात, भारतीयही त्यातच, आणि या दोन्ही फुटल्या आफ्रिकेतल्या एल-३ नावाच्या फांदीतून. इथंच उगवलेली तिसरी फांदी कोणाला सापडली नाही.

"शास्त्रज्ञांचंच एकमत नाही" म्हणे. नाहीच ना, भांडतात की! माणूस आफ्रिकेत एकाच जागी तयार झाला की अनेक गट हजारो वर्षं एकमेकांत मिसळत राहिले (२०२३ चा एक मोठा अभ्यास दुसऱ्या बाजूचा), बाहेर किती वेळा पडले, कधी पडले, यावर भांडण आहे. मानवशास्त्रज्ञ मिलफर्ड वोलपॉफ आणि त्यांच्या साथीदारांनी १९८४ मध्ये बहुप्रादेशिक थिअरी (माणूस अनेक खंडांत मिळून घडला ही) मांडली, मेसेजवाला बहुतेक तिचंच नाव ऐकून आला, पण त्यांचंही म्हणणं असं की खंडाखंडांत सतत संकर होत राहिला म्हणूनच माणसाची प्रजात एकच राहिली. आपापला वेगळा माणूस तेही सांगत नाहीत.

राहिली नर्मदेची कवटी. मध्य प्रदेशात हथनोऱ्याला १९८२ मध्ये ती सापडली, जिऑलॉजिकल सर्व्हेच्या अरुण सोनकियांना, म्हणजे आपल्या टेकडीवर ज्यांचं ऑफिस आहे त्याच खात्याचे. अभिमान वाटायलाच पाहिजे. पण तिचं वय नक्की ठरलेलं नाही, ५ लाख कुठून आणले काय माहीत. आधी तिला होमो इरेक्टस (आपल्या आधीची एक जुनी प्रजात) म्हटलं, नंतर दुसऱ्यांनी पुरातन सेपियन्स, म्हणजे आपल्याच प्रजातीचं जुनं रूप. चेन्नईजवळ अत्तिरमपक्कमला तर १५ लाख वर्षं जुनी दगडी हत्यारं निघाली, म्हणजे इथं कोणीतरी राहत होतं यात वादच नाही. ते आपले पूर्वज होते काहून मानायचं, एवढंच विचारून राहिलो. चीनमधली हार्बिनची कवटी २०२५ मध्ये डेनिसोवनची (निअँडरथलसारखाच आणखी एक नामशेष मानवगट) ठरली, ती प्रोटीनवरून आणि दातावरच्या कीटणात उरलेल्या डीएनएवरून. हथनोऱ्याला मिळाला तो कवटीचा वरचा भाग, तोही अर्धवट, दात एकही नाही, म्हणजे दातावरच्या डीएनएवरून ती कोणाची हे ठरवायची सोयच नाही.