सॅम मिल्स केवळ जिद्दीच्या बळावर मोठा झाला, हे खरे नाही

अमेरिकन फुटबॉलमधील लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू) सॅम मिल्स याची एक गोष्ट प्रेरणादायी मजकुरातून वारंवार फिरत असते. तिचा आशय असा: मिल्सची उंची अवघी 5 फूट 9 इंच होती, म्हणून दोन संघांनी त्याला घालवून दिले; तो वर्षानुवर्षे शाळेत शिकवत राहिला, पण त्याने जिद्द सोडली नाही, एके दिवशी थेट एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या अमेरिकेतील सर्वोच्च लीगमध्ये, पोहोचला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातील थोरांच्या सन्मानयादीत, जाऊन बसला; तेव्हा उंचीला महत्त्व नाही, मन मोठे हवे. यातील प्रत्येक वाक्यात सत्याचा अंश आहे आणि एकूण चित्र मात्र चुकीचे आहे.

आधी तपशिलातील चुका. 1981 साली ड्राफ्टच्या, म्हणजे एनएफएल संघांनी महाविद्यालयीन खेळाडू क्रमाने निवडण्याच्या, बारा फेऱ्या होत असत आणि त्यांपैकी एकाही फेरीत मिल्सला कोणी निवडले नाही, हे खरे आहे. तो न्यू जर्सीतील मॉन्टक्लेअर स्टेटकडून, म्हणजे महाविद्यालयीन स्पर्धेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळलेला होता. त्या वर्षी क्लीव्हलँड ब्राउन्सने आणि पुढच्या वर्षी कॅनडातील टोरँटो आर्गोनॉट्सने त्याला सरावातूनच परत पाठवले. त्यानंतर त्याने ईस्ट ऑरेंज येथील शाळेत छायाचित्रण शिकवले, पण हा काळ फार छोटा होता, कारण 1983 च्या वसंत ऋतूत तो फिलाडेल्फिया स्टार्स संघाचा लाइनबॅकर म्हणून मैदानावर उतरला होता. स्टार्स हा संघ एनएफएलचा नव्हता. यूएसएफएल नावाच्या नव्या, प्रतिस्पर्धी लीगचा तो संघ होता, आणि फिरणाऱ्या गोष्टीतून नेमका हाच दुवा गळालेला असतो.

तो गळणे मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. यूएसएफएलने पहिल्याच वर्षी बारा संघ उभे केले, म्हणजे एनएफएलने नाकारलेल्या शेकडो खेळाडूंसाठी एकदम जागा निर्माण झाल्या. त्यांतील एका जागेवर मिल्स आला आणि तिन्ही हंगामांत त्याची गणना लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंत झाली. स्टार्स तिन्ही वर्षे अंतिम सामन्यात पोहोचले आणि 1984 व 1985 मध्ये विजेते ठरले. लीगचा शेवट मात्र विचित्र झाला: एनएफएलच्या मक्तेदारीविरुद्धचा खटला तिने 1986 मध्ये जिंकला आणि भरपाई म्हणून ज्यूरीने तिला एक डॉलर दिला, जो कायद्यानुसार तिप्पट होऊन तीन डॉलर झाला. ही लीग चार वर्षे उशिरा जन्मली असती, तर मिल्सच्या जिद्दीचे काय झाले असते, हा प्रश्न गोष्ट सांगणाऱ्यांनी स्वतःला विचारून पाहावा.

‘अनोळखी लोकांसमोर पुनःपुन्हा स्वतःला सिद्ध केले’ ही धारणाही तपासून पाहिली की टिकत नाही. स्टार्सचे मुख्य प्रशिक्षक जिम मोरा 1986 मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेले, तेव्हा त्यांनी मिल्सला सोबत नेले. स्टार्सचे आणखी दोन सहायक, विक फँजिओ आणि डॉम केपर्स, हेही सेंट्सकडे आले. पुढे 1995 मध्ये कॅरोलायना पँथर्स हा नवा संघ सुरू झाला, तेव्हा केपर्स त्याचे मुख्य प्रशिक्षक होते, बचावाची सूत्रे फँजिओंकडे होती आणि मधल्या लाइनबॅकरच्या जागी मिल्स होता. म्हणजे एनएफएलमधील आपले बाराही हंगाम तो त्याला आधीपासून ओळखणाऱ्या माणसांच्या हाताखाली खेळला. यामुळे त्याचे कर्तृत्व उणे होत नाही. मोरांनी तर आपण शिकवलेल्या खेळाडूंत त्याला सर्वोत्तम म्हटले आहे. परंतु ज्यांनी त्याचा खेळ रोज पाहिला होता त्यांनाच तो हवा होता, आणि ज्यांच्या हाती केवळ मोजपट्टी होती त्यांना नको होता, एवढे यातून स्पष्ट दिसते.

आता मुख्य मुद्दा, उंचीचा. मिल्स बुटका होता, पण किरकोळ नव्हता. त्याचे वजन सुमारे 104 किलो होते. कुस्तीत पट काढणारा मल्ल ताठ उभा राहत नाही, तो समोरच्याच्या खाली शिरतो. लाइनबॅकरचेही तसेच असते: अंगावर येणाऱ्या धिप्पाड गार्डच्या (वाट मोकळी करणारा, आक्रमणाच्या फळीतील खेळाडू) छातीखाली जो आधी शिरेल त्याचा जोर चालतो, आणि मिल्सला त्यासाठी फारसे वाकावे लागत नसे. उंची कमी असल्याचे तोटेही खरे असतात. पुढच्या फळीपलीकडचे दिसणे अवघड जाते आणि उंच खेळाडूकडे फेकलेला चेंडू अडवणे त्याहून अवघड. त्यामुळे ‘उंचीला महत्त्व नाही’ हे विधान मिल्सनेही मान्य केले असते असे मला वाटत नाही. ही उणीव तो खेळ आधी ओळखून भरून काढत असे. गार्डचे पहिले पाऊल पुढे पडते, मागे पडते की आडवे, यावरून चेंडू कुठे जाणार ते ताडणे हे मधल्या लाइनबॅकरचे खरे काम असते, आणि ते मनाच्या मोठेपणाने साधत नाही; त्याला अभ्यास लागतो. 15 ऑक्टोबर 1995 चा सामना पाहावा. पँथर्स तोवरचे पाचही सामने हरले होते. न्यूयॉर्क जेट्सचा क्वार्टरबॅक (आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) बबी ब्रिस्टर याने जवळच्या सहकाऱ्याकडे चेंडू हलकेच ढकलला, तो 36 वर्षांच्या मिल्सने मधल्यामध्ये पकडला आणि 36 यार्ड पळत जाऊन, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपार नेऊन टचडाउन केला. पँथर्सचा तो इतिहासातला पहिला विजय ठरला.

जिद्दीच्या पुराव्यादाखल ‘कीप पाउंडिंग’ (घाव घालत राहा) हे त्याचे शब्द दिले जातात, जणू नाकारला गेलेला तरुण ते म्हणत होता. प्रत्यक्षात ते जानेवारी 2004 मधले आहेत. तेव्हा मिल्स पँथर्सच्या लाइनबॅकरांचा प्रशिक्षक होता, आतड्याच्या कर्करोगावर उपचार घेत होता, आणि डॅलस काउबॉइजविरुद्धच्या सामन्याआधी तो संघाशी बोलला. त्या शब्दांचा विषय आजार होता, ड्राफ्ट नव्हे. एप्रिल 2005 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी तो गेला.

हॉल ऑफ फेमचा दाखला तर गोष्टीच्या विरुद्धच जातो. पाच वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवड झालेल्या आणि 1992 मध्ये ज्या चौघा लाइनबॅकरांची एकत्रच ती निवड झाली त्या सेंट्सच्या फळीत मध्यभागी असलेल्या या खेळाडूला प्रवेश मिळाला तो 2022 मध्ये, आधुनिक गटातील पात्रतेच्या विसाव्या आणि अखेरच्या वर्षी. स्वीकाराचे भाषण त्याची पत्नी मेलनी हिला करावे लागले.