अटलांटाकर, रिचेसबद्दल तुमचं बरोबर आहे

नमस्कार अटलांटाकर,

तुम्ही याच नावाने सही केली आहे, म्हणून मीही तेच वापरते. डॅलस, ह्यूस्टन आणि अटलांटा इथल्या उंची खरेदीची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही लिहिलेलं घाईघाईत वाचून उडवून लावण्यासारखं नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी डॅलसला राहते म्हणून डॅलसला पहिला नंबर दिला. लुई व्हिटाँ आणि गुची तिन्ही शहरांत तेच, मग तुलना कसली? ‘अटलांटाचं स्वतःचं असं मोठं दुकान कधी नव्हतंच’ हे माझं वाक्य साफ चूक आहे. अटलांटाच्या लेनॉक्स स्क्वेअर मॉलला ट्रेनने जाता येतं, त्याचा लेखात उल्लेखही नाही. मायामीला मी का वगळलं? आणि शेवटचा प्रश्न असा, की मराठी माणसाला या श्रीमंती थाटाशी काय देणंघेणं?

सुरुवात दुकानाच्या मुद्द्यापासून करते, कारण तिथे मी चुकले.

रिचेस हे अटलांटाचंच मोठं दुकान होतं. हंगेरीहून आलेल्या मॉरिस रिचने ते १८६७ मध्ये काढलं, म्हणजे यादवी युद्धात शहर जळून खाक झाल्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती तेव्हा. १९३०च्या मंदीत नगरपालिकेकडे शिक्षकांच्या पगाराला पैसे नव्हते. त्यांच्या हातात नोटांऐवजी वचनचिठ्ठ्या पडत होत्या. रिचेसने त्या चिठ्ठ्या पूर्ण किमतीला वटवून दिल्या, आणि त्या पैशांची खरेदी आमच्याकडेच करा अशी अटही घातली नाही. एका दुकानाने शहराशी असं नातं जोडलं होतं आणि मी लिहून बसले की दुकानच नव्हतं. १९४८ पासून नाताळात रिचेसच्या इमारतीवर भलंमोठं झाड दिव्यांनी उजळायचं. तीच प्रथा पुढे लेनॉक्सवर आली. लेनॉक्सला ते झाड मी स्वतः पाहिलंय, फोटोही काढलेत. ते कुठून आलं हे मात्र कुणाला विचारलं नाही.

तुम्ही ज्याचा उल्लेख केला नाहीत ते मी इथे जोडते. १९ ऑक्टोबर १९६० रोजी मार्टिन ल्यूथर किंग विद्यार्थ्यांबरोबर याच रिचेसच्या उपाहारगृहात जाऊन बसले. दुकानात कृष्णवर्णीयांनी कपडे घ्यावेत, पैसे मोजावेत, पण जेवायला बसू नये असा नियम होता. त्यांना अटक झाली. विद्यार्थी सुटले, पण किंग यांच्या डोक्यावर वाहतुकीच्या एका जुन्या किरकोळ खटल्याची टांगती शिक्षा होती. तिचं निमित्त करून त्यांना चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली आणि राज्याच्या तुरुंगात पाठवलं. जॉन केनेडींनी त्यांच्या पत्नीला केलेला धीराचा फोन याच प्रसंगातला, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला जेमतेम दोन आठवडे उरले असतानाचा. पुढच्या वर्षी रिचेसला आपला नियम सोडावा लागला. डॅलसवाल्यांनीही यात मिरवण्यासारखं काही नाही. आमच्याकडच्या दुकानांतली उपाहारगृहंसुद्धा १९६१ पर्यंत अशीच बंद होती.

थोडक्यात, इतिहासाच्या तराजूत अटलांटाचं पारडं मी धरलं होतं त्याहून बरंच जड आहे.

तरीही नंबर बदलत नाही. का, ते सांगते, आणि त्यातच ‘तेच ब्रँड, मग तुलना कसली’ याचंही उत्तर आहे. पिशवी तीच असते, किंमत तीच असते. विक्रीकरसुद्धा डॅलस-ह्यूस्टनला ८.२५ टक्के आणि तुमच्याकडे ८.९, म्हणजे फरक नावापुरताच. दुकानांच्या याद्या समोरासमोर ठेवून काहीच हाती लागणार नाही. मी बघते ते दुकानांच्या मधली जागा. ती कशी ठेवलीय, कुणी ठेवलीय आणि ठेवणारा त्या गावात राहतो का.

लेनॉक्स १९५९ चं, फिप्स प्लाझा १९६९ चा. दोन्ही मॉल अटलांटाच्या बकहेड भागात अगदी समोरासमोर, आणि आज दोन्ही सायमन या एकाच कंपनीचे. कंपनीचं मुख्यालय इंडियानापोलिसला. ह्यूस्टनची गॅलेरियाही त्यांचीच. सायमन आपलं काम चोख करते, मला तक्रार करायची नाही. पण तिन्ही ठिकाणी दुकानांमधल्या मोकळ्या जागेत उभं राहिलं की हातातला नकाशा बघितल्याशिवाय आपण कुठल्या गावात आहोत ते कळत नाही.

आता डॅलसचा मॉल, नॉर्थपार्क. रेमंड नॅशरने तो १९६५ मध्ये उघडला, ९७ एकरांच्या कापसाच्या शेतावर. माझं माहेर अकोल्याचं. कापसाच्या शेतावर मॉल झाला हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकले होते. मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला तेव्हा काका, जे आयुष्यभर गिरणगावात राहिले, तिथे पाऊल टाकायला तयार नव्हते. इकडे शेतावर आणि तिकडे गिरणीवर, कापसाच्या दोन्ही टोकांवर आता मॉल आहेत. असो.

नॅशर आणि त्यांच्या पत्नी पॅट्सी हे शिल्पांचे संग्राहक होते. सगळ्या इमारतीला आतून-बाहेरून एकच फिकट रंगाची वीट, दुकानांच्या दर्शनी भागांवर आणि पाट्यांवर पहिल्यापासून कडक शिस्त, आणि जिथे सहज भाडं मिळालं असतं अशा जागेत शिल्पं. मार्क डी सुव्हेरोचं ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा’ ४८ फूट उंच आहे. नारिंगी पोलादाचं ते धूड दोन मजले व्यापून उभं आहे, आणि त्याच्या पायाशी मुलं आइस्क्रीम खात असतात. जोनाथन बोरोफ्स्कीची हातोडा मारणारी पाच माणसं कुणाचंही लक्ष असो-नसो हातोडा मारत राहतात. मॉलचा हिशेब चौरस फुटाला किती विक्री, यावर चालतो. त्या हिशेबात ही जागा तोट्याची. तरीही ती तशीच राहिली, कारण मालकी घरातच राहिली. रेमंड नॅशर २००७ मध्ये गेले, आणि आज त्यांची मुलगी आणि जावई मॉल चालवतात. शिल्पसंग्रहाचं मोठं दालन डाउनटाउनला २००३ पासून स्वतंत्र आहे. पण मॉलमधली शिल्पं बघायला तिकीट लागत नाही.

डॅलसचंच हायलंड पार्क व्हिलेज हे शॉपिंग सेंटर त्याहून जुनं, १९३१ चं. स्पॅनिश धाटणीच्या पांढऱ्या भिंती, लाल कौलं, आणि दुकानांची तोंडं रस्त्याऐवजी आतल्या चौकाकडे, गाड्या मधोमध. अमेरिकेभर पुढे हजारो शॉपिंग सेंटरं ज्या कल्पनेवर उभी राहिली ती इथे इतक्या लवकर दिसते, की २००० मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तेही स्थानिक लोकांच्या हातात आहे.

नीमन मार्कस या डॅलसच्या उंची दुकानाचं म्हणाल, तर त्याची मालकी आता डॅलसची नाही हे तुम्ही बरोबर दाखवून दिलंत. पण त्या दुकानाची जन्मकथा तुमच्या गावातून सुरू होते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हर्बर्ट मार्कस, त्यांची बहीण कॅरी आणि कॅरीचा नवरा अल नीमन हे तिघं अटलांटात जाहिरात आणि विक्रीचा धंदा करत होते. धंदा विकताना त्यांच्यापुढे दोन पर्याय आले : रोख २५,००० डॉलर, किंवा कोका-कोलाचे मिसूरी-कॅन्सस भागातले हक्क. त्यांनी रोख रक्कम घेतली, डॅलसला परतले आणि १९०७ मध्ये दुकान काढलं. मार्कस घराण्यात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत मेन स्ट्रीटवरचं त्यांचं मुख्य दुकान बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा डॅलसच्या लोकांनी आणि नगरातल्या पुढाऱ्यांनी एवढा आवाज उठवला, की तो निर्णय पुढे ढकलावा लागला. आमच्या ऑफिसातल्या सत्तरीच्या बाई लंचच्या सुट्टीत मुद्दाम तिथे जाऊन आल्या. त्यांचा लग्नातला पोशाख तिथला होता.

ह्यूस्टनला मी दुसरं का ठेवलं याबद्दल तुम्ही फारसं बोलला नाहीत, पण तिथे माझंच मन अजून दोलायमान आहे. जेराल्ड हाइन्सने मिलानच्या जुन्या गॅलेरियावरून कल्पना घेऊन १९७० मध्ये तिथली गॅलेरिया उघडली. वर काचेचं लांबलचक छत, खाली बर्फावर घसरणारी मुलं, आणि त्याच आवारात हॉटेल नि ऑफिसं. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये बाहेर पाच मिनिटं उभं राहिलं की कपडे अंगाला चिकटतात. अशा गावात मधोमध बर्फाचं मैदान आखणाऱ्या माणसाला आपलं गाव नीट कळलेलं होतं. मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून माणसं खास खरेदीसाठी इथे येतात, त्यामुळे कानावर स्पॅनिश सतत पडत असते. बाहेर पडून थोडं चाललं की ६४ मजली विल्यम्स टॉवर आणि त्याच्या पायथ्याशी ६४ फुटी पाण्याची भिंत. संध्याकाळी तिथल्या गवतावर बसायला एक पैसा पडत नाही. मालक बाहेरचा असूनही या परिसराचं स्वतःचं रूप टिकून आहे, आणि माझ्या युक्तिवादाला खरा धक्का बसतो तो इथे.

मायामी वगळलं कारण मी तिथे एकदाच, एका दिवसासाठी गेले. तेवढ्यावर निकाल देणं योग्य नाही. बाल हार्बर शॉप्स १९६५ ची, समुद्राकाठची, उघड्या आभाळाखालची, आणि व्हिटमन घराण्याने उभी केलेली आणि सांभाळलेली. पुढे क्रेग रॉबिन्सने डिझाइन डिस्ट्रिक्ट नव्याने वसवलं आणि मोठमोठे ब्रँड बाल हार्बर सोडून तिकडे गेले. यावर स्वतंत्र लेख हवा.

ट्रेनचा मुद्दा निर्विवाद तुमचा. विमानतळावरून मार्टा या तुमच्या शहर-रेल्वेच्या गोल्ड लाइनने थेट लेनॉक्स स्टेशन, गाडी न बदलता. आमच्याकडे नॉर्थपार्कला सर्वांत जवळचं स्टेशन पार्क लेन, पण मध्ये सेंट्रल एक्स्प्रेसवे आडवा. उन्हात तो ओलांडून चालत जाणारं मी कुणाला पाहिलेलं नाही. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. आणि आपल्याकडे अशी माणसं घरोघरी असतात : सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील.

इथे तुमचा शेवटचा प्रश्न येतो. मराठी माणूस या दुकानांत फारसं घेत नाही हे खरं. डॅलसजवळच्या प्लेनो-फ्रिस्कोतला असो, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचा असो की अटलांटाजवळच्या आल्फारेटाचा, आपण सेलची वाट बघतो, आउटलेटला जातो. सोनं घ्यायचं झालं तर ह्यूस्टनकर गॅलेरियातून निघून हिलक्रॉफ्टच्या महात्मा गांधी डिस्ट्रिक्टमध्ये जातात आणि तुम्ही डिकेटरच्या पटेल प्लाझात. पण माझी आई पहिल्यांदा आली तो जुलै होता. घराबाहेर फुटपाथवर माणूस नाही, चालायला जावं तर १०० अंश फॅरनहाइटच्या वर ऊन. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “इथे माणसं राहतात तरी कुठे?” मी तिला नॉर्थपार्कला नेलं. आत शिरताना तिने विचारलं, “इथे काही घ्यावं लागत नाही ना?” नाही म्हटल्यावर ती दोन तास निवांत हिंडली. आतल्या तळ्यापाशी बसून कासवं आणि बदकं मोजली. विटांच्या उतरत्या कठड्यांवरून घसरणारी मुलं बघितली. हे कठडे झाडांसाठी आहेत, पण डॅलसच्या दोन-तीन पिढ्या त्यांवरून घसरल्यात. एका आजींशी ती मराठी-इंग्रजीची सरमिसळ करत पाऊण तास बोलली. त्यानंतर मुक्कामभर दर मंगळवारी आम्ही जात होतो. खरेदी एकदाच केली, एक रुमाल.

त्या जागेबद्दल लिहिताना मला श्रीमंतांचं कौतुक करायचं नव्हतं. आईला बसायला सावली, गारवा आणि बघायला काहीतरी देखणं मिळालं, आणि ते ठेवण्याचा निर्णय कुणीतरी मुद्दाम, पैसे सोडून घेतला. तो कुणी घेतला हे मला शोधावंसं वाटलं. तुम्ही याला डॅलसची बाजू घेणं म्हणत असाल, तर घेते आहे.

मूळ लेखातलं ते चुकीचं वाक्य आज काढलं आहे. त्याजागी रिचेसवर दोन परिच्छेद घातले आहेत आणि दुरुस्ती तुमच्या प्रतिक्रियेमुळे झाल्याची नोंद केली आहे. ऑक्टोबरमध्ये कामासाठी अटलांटाला येते आहे. विमानतळावरून थेट गोल्ड लाइन पकडेन. ब्रॉड स्ट्रीटवर रिचेसची जुनी इमारत नेमकी कुठे होती ते दाखवायला वेळ असेल, तर इथेच कळवा.