केंद्रबिंदू : गादी

मध्यरात्र उलटल्यावर खाडकन जाग येते. हात डोळ्यांसमोर धरला तर स्थिर, पण पोटात, मांड्यांत, छातीत सगळं थरथरतंय. पहिला संशय भूकंपावर. महाराष्ट्रात तो अगदीच वेडगळ नाही. कोयनेचा 1967 चा आणि किल्लारीचा 1993 चा, दोन्ही पहाटेच झाले. म्हणून तांब्यातलं पाणी बघून घ्यावं. ते निवांत असेल तर केंद्रबिंदू गादीवरच आहे.

झोप लागता लागता पडल्यासारखा एकच झटका बसतो, तो निरुपद्रवी. हा पाहुणा वेगळा, झोपेतला पॅनिक अटॅक. तो झोप लागून दोनेक तास झाल्यावर येतो, बहुधा स्वप्नाशिवाय. खरा धोका नसतानाच ॲड्रेनलिन सुटतं. सोसायटीच्या वॉचमननं चोर नसताना शिट्टी फुंकावी तसं. धडधड, घाम, कापरं दहाएक मिनिटांत टोक गाठतं आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात आपोआप ओसरतं.

पण ओसरू देईल तो मराठी माणूस कसला! कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून निघतो. गार बोटांवर तो हमखास घोळ घालतो. मग बीपीचं मशीन. पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून मोजायचं असतं. आपण घरच्यांना हाका मारत मोजतो. वरचा आकडा 158. तो बघून पुन्हा मोजलं की 166. माझं स्पष्ट मत आहे की ही यंत्रं रात्री कुलपात ठेवावीत आणि किल्ली सासूबाईंकडे द्यावी.

मधुमेहींना मात्र हा नियम लागू नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर आधी ग्लुकोमीटर. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. छातीवर दाब, कळ जबड्यात किंवा हातात जातेय, धाप लागलीय, तर थेट 108. तिथे विनोद नको, प्राणायामही नको.

बाकीच्यांना घरचे सांगतात, ‘मोठ्ठा श्वास घे!’ चुकीचा सल्ला. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठ आणि बोटं मुंग्यांनी भरतात, आणि आपण मनातल्या मनात मृत्युपत्र लिहायला घेतो. श्वास मोठा नको, सावकाश हवा. नाकानं चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाचेक मिनिटं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावं. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी वाचावं. सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त यासाठी अप्रतिम.

हे वारंवार होत असेल तर दिवसाउजेडी डॉक्टर गाठावा. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी, घोरण्याची चौकशी, दम्याच्या पंपाची चौकशी. त्यातल्या सालब्युटामॉल या औषधानंही कापरं भरतं. दारूनं झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते, हेही तिथे निघतं. मग चहा-कॉफीचा प्रश्न, कारण कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

‘दिवसाला किती कप?’

‘दोनच.’

ऑफिसातलं कटिंग, पाहुण्यांबरोबरचा अर्धा आणि रात्री जेवणानंतरची ‘थोडीशी’ कॉफी यात धरायची पद्धत नाही.