गिअरबॉक्ससाठी आलेल्या गाडीची दारं आम्ही का उघडली

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. गाडी मिळायला उशीर झाला, फेऱ्या पडल्या, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. या गाडीचे पार्ट बाहेरून येतात हे गाडी ठेवून घेतानाच सांगितलं होतं, पण ताटकळायला तुम्हाला लागलं हे खरं.

मात्र तुम्ही लिहिलंय की ‘गिअरबॉक्सची तक्रार घेऊन गेलो, तर यांनी चारही दारांचे पॅड उघडून बिल वाढवलं आणि गिअरबॉक्सला हातसुद्धा लावला नाही.’ हे मला सोडून देता येत नाही. नाना पेठेत माझं गॅरेज जुन्या गाड्यांवरच चालतं आणि असली गाडी कोणी जाहिरात बघून आणत नाही, कोणीतरी शब्द टाकतो म्हणून आणतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. वाचणाऱ्यांनाही कळू दे.

तुमची गाडी मर्सिडीज ३००डी, डब्ल्यू १२३. पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स. या बॉक्सला कॉम्प्युटर नाही. गिअर कधी बदलायचा आणि किती जोरात पकडायचा हे सगळं ऑइलच्या प्रेशरवर, स्प्रिंगवर आणि छोट्या व्हॉल्व्हवर ठरतं. इंजिनावर लोड किती आहे हे बॉक्सला व्हॅक्यूमवरून, म्हणजे नळीतली हवा खेचल्याने तयार होणाऱ्या ओढीवरून समजतं. पाय हलका असेल तर व्हॅक्यूम भरपूर मिळतो, प्रेशर कमी राहतं आणि गिअर अलगद पडतो. पाय दाबला की व्हॅक्यूम कमी होतो, प्रेशर वाढतं आणि गिअर घट्ट पडतो. आता व्हॅक्यूम मध्येच कुठेतरी गळत असेल, तर तुम्ही कितीही हळू चालवा, बॉक्सला वाटतं की साहेबांनी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, म्हणून या गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. त्या एका पंपावर ब्रेकचा बूस्टर चालतो, किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होतं, गिअरबॉक्सला खबर जाते आणि दारांची सेंट्रल लॉकसुद्धा त्याच्यावरच लागतात. दारांमध्ये पॅडच्या, म्हणजे आतल्या आच्छादनाच्या मागे रबरी डायफ्राम, म्हणजे व्हॅक्यूमने हलणारा पडदा असतो. चाळीस वर्षांचं रबर कडक होऊन चिरतं, आणि दारातली ती चीर गिअरबॉक्सपर्यंत पोचते. दार आणि गिअरबॉक्स यांचा संबंध काय, हा तुमचा प्रश्न होता. संबंध हा आहे.

आता आठवून बघा. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा सांगितलंत की दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना मागून कोणीतरी ठोकल्यासारखा झटका बसतो. आणि निघताना, जाता जाता म्हणालात की किल्ली बंद केली तरी इंजिन जरा वेळ चालूच राहतं. ही दुसरी गोष्ट तुम्हाला किरकोळ वाटली. मला तिथेच कळलं की आधी व्हॅक्यूम तपासायचा. तुम्हाला दुसऱ्या ठिकाणी बॉक्स उतरवून पूर्ण ओव्हरहॉल करायला सांगितलं होतं, दीड लाखाच्या पुढचा आकडा होता. मीही तेच सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणायच्या तयारीत होतात.

मी दारांकडे जाणारी नळी इंजिनपाशीच बंद केली आणि तुम्हाला शेजारी बसवून कात्रजच्या जुन्या घाटापर्यंत ट्रायल मारली. सातारा रोडच्या गर्दीत गिअर वर-खाली होत होते, घाटात चढावर लोड होता. तुम्हीच म्हणालात, ‘झटका गेला की हो.’ हे रिव्ह्यूत कुठे आलं नाही, याचं वाईट वाटलं. त्यानंतर हातपंप लावून एकेक दार तपासलं. पॅड उघडल्याशिवाय कुठला डायफ्राम गेलाय ते कळत नाही, आणि जुने क्लिप न तोडता पॅड काढायला वेळ लागतो. मजुरी लावली ती त्याची.

‘हातसुद्धा लावला नाही’ याबद्दल. गिअरबॉक्सचा चेंबर, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं उतरवलं, फिल्टर आणि गॅस्केट बदललं. इंजिनाची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरला या गाडीत वेगळा ड्रेन प्लग असतो, इंजिन फिरवून तो भोकासमोर आणावा लागतो. बरेच जण फक्त चेंबर रिकामा करतात आणि बरंचसं जुनं ऑइल कन्व्हर्टरमध्येच राहतं. आम्ही दोन्ही काढलं. चेंबरमध्ये क्लच प्लेटची बारीक काळी धूळ होती, ती या वयात असतेच. धातूचा कीस नव्हता. नंतर गेज लावून प्रेशर बघितलं. कुणीतरी आधी झटका कमी करायला मॉड्युलेटर (व्हॅक्यूमप्रमाणे बॉक्सचं प्रेशर ठरवणारा भाग) पिळून ठेवला होता, तो परत जागेवर आणला. एवढं बघितल्यावर बॉक्स खोलायचं कारणच उरलं नाही. न खोलणं हाच माझा निर्णय होता आणि त्यावर मी आजही ठाम आहे.

एक गोष्ट लिहिणार नव्हतो. झटक्याशिवाय गाडी स्लिपही मारत होती, म्हणजे इंजिन फिरायचं पण गाडी तेवढी ओढत नव्हती; त्याचं कारण गिअरबॉक्समधलं जास्तीचं ऑइल होतं. सकाळी थंड गाडीत डिपस्टिक बघून तुम्ही वरून भरलंत, असं तुम्हीच सांगितलं होतं. हे ऑइल गाडी गरम झाल्यावर, सपाट जागी, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून बघायचं असतं. थंड असताना पातळी खालीच दिसते. जास्त झालं की आत घुसळून फेस होतो आणि फेसाला प्रेशर धरत नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बिलात आम्ही फक्त ‘ऑइल बदली’ लिहिलं.

मागचं डावं दार सेंट्रल लॉकने लागत नाही, तेही मान्य. त्या दाराचा डायफ्राम आला नव्हता. घरी लग्न आहे, गाडी आजच हवी, असा तुमचा आग्रह होता, म्हणून तेवढी नळी बंद करून गाडी दिली आणि खुंटी दाबून हाताने लॉक करायला दाखवलं. मी स्वतः दाखवलं होतं, वहिनीही तिथे होत्या.

यापुढे बिलावर कारण खुलासेवार लिहू.

तुमचा डायफ्राम आता आलाय. बसवायची मजुरी घेणार नाही. जुने फाटलेले डायफ्रामही पिशवीत ठेवलेत, हातात घेऊन बघा आणि मग रिव्ह्यूत काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा. गुरुवार सोडून कधीही या. गाडी थोडी चालवून गरम करून आणलीत तर ऑइलची पातळीही तुमच्यासमोर बघू.

गॅरेज मालक, नाना पेठ, पुणे